फाटकावरचा फानूरिओस

क्रीट बेटावरच्या खालच्या प्लाटानीत सुट्टी घालवायला येणाऱ्या माणसाने काय काय अपेक्षित धरावं, हे सांगणारी रंगीत पत्रकं विमानतळापासून जागोजागी फुकट मिळतात. सकाळी समुद्र, दुपारी समुद्रावरच्या स्कूटरी, संध्याकाळी एका पेल्यावर दुसरा पेला मोफत, आणि मग उजाडेपर्यंत साबणाच्या फेसात नाच. पण ज्याचं त्याच गल्लीत राहतं घर आहे आणि ज्याला सकाळी पाव आणायला त्याच फेसातून जायचं आहे, त्याने काय अपेक्षित धरावं, हे मात्र कुणी छापलेलं नाही. प्रोकोपीसला ते न छापताच तोंडपाठ होतं. मे महिना उजाडला की झोप संपली. ती ऑक्टोबरात परत येईस्तोवर जगलो तर ठीक, नाही जगलो तर निदान शांतता तरी मिळेल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

हा प्रोकोपीस वीज कंपनीच्या वसुली कचेरीतून निवृत्त झालेला. एके काळी त्याच्या एका सहीसरशी बारमधली गाणी मध्येच बंद पडत, आणि बारवाले त्याला येताना बघून खुर्ची पुसत. सही गेली तसा मानही गेला. आता त्याच बारमधून बाहेर पडलेले, उन्हाने लालबुंद झालेले परदेशी तरुण त्याच्या फाटकाच्या खांबाशी उभे राहून मोकळे होत, आणि तो दिसला तर मान वळवून 'गुड मॉर्निंग' म्हणत. रोज सकाळी त्याची बायको एव्हान्थिया बादलीभर पाणी आणि वासाचं औषध ओतून तो खांब घासायची. घासून घासून त्याचा चुना गेला होता आणि आतल्या विटा दिसायला लागल्या होत्या.

घर एव्हान्थियाच्या हुंड्यातलं. तिच्या बापाने वरच्या गावातले ऑलिव्हचे मळे मुलांना दिले आणि खालची वाळू मुलीला दिली. त्या काळी समुद्राकाठची वाळू ही मुलींच्या नाहीतर नावडत्या पुतण्यांच्या वाट्याला टाकायची जमीन होती. पुढे विमानं यायला लागली, वाळूला सोन्याचा भाव आला, आणि एव्हान्थियाच्या भावांनी तिच्याशी बोलणं टाकलं. जणू विमानं तिनेच बोलावली होती. त्या वाळूवर प्रोकोपीसने कचेरी सुटल्यावर स्वतःच्या हाताने एकेक खोली वाढवत नेली होती. शेजारी होते ते एकेक करून जागा विकून वर राहायला गेले. आता एका बाजूला मानूसोस नावाच्या तरुणाचा 'निळा बोकड' नावाचा बार, दुसऱ्या बाजूला चार चाकांच्या मोटरसायकली भाड्याने देणारं दुकान, तेही मानूसोसचंच, आणि मध्ये हे दोघं.

जूनमधल्या एका सकाळी एव्हान्थियाने बादली दाणकन खाली ठेवली.

"मानूसोस परवा पुन्हा विचारून गेला," ती म्हणाली. "घर घेतो म्हणाला. त्याला इथे फेसाचा हौद बांधायचाय."

"माझ्या बैठकीच्या खोलीत?"

"तुझ्या कसली? माझ्या."

लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य ती फार क्वचित वापरायची, त्यामुळे त्याची धार गेली नव्हती.

"ऑगस्ट संपेपर्यंत थांबते," ती म्हणाली. "तेवढ्यात एक तरी संध्याकाळ मला या अंगणात सुखाने बसता आलं, तर राहू. नाहीतर घर मानूसोसला देऊ आणि रिनिओकडे जाऊ."

रिनिओ त्यांची मुलगी. शहरात तिच्या नवऱ्याच्या इमारतीत खालचा मजला रिकामा होता. प्रोकोपीस तिथे जाऊन आला होता. गॅलरीतून समोरची गॅलरी दिसते, आणि जिन्यात जावई भेटतो. जावई वाईट नाही, पण मोटारीच्या मायलेजखेरीज कशावरही बोलत नाही. आयुष्याची सुरुवात सासऱ्याच्या वाळूवर झाली, निदान शेवट जावयाच्या जिन्यात होऊ नये, एवढी एकच इच्छा प्रोकोपीसच्या मनात उरली होती. त्याने ठरवलं, काय वाटेल ते करीन, पण हिला एक शांत संध्याकाळ मिळवून देईन. सुरुवात खांबापासून करायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या गल्लीत राहायला कुणी तयार नसलं तरी तिथे कसं राहावं हे वरच्या गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. पाववाला म्हणाला, दिवा लाव, उजेडात माणूस लाजतो. दिवा लावला. लोकांना खांब नीट दिसायला लागला, एवढाच फरक पडला. कचेरीतला जुना सहकारी म्हणाला, पाटी लाव. प्रोकोपीसने 'इथे सभ्य कुटुंब राहते' अशी पाटी इंग्रजीत, जर्मनमध्ये आणि डचमध्ये रंगवून घेतली. मग लोक त्या पाटीशेजारी नको त्या अवस्थेत उभे राहून फोटो काढून घेऊ लागले. नंतर कुणाच्यातरी सांगण्यावरून त्याने डोंगरातला, शेळ्यांची राखण करणारा दांडगा कुत्रा आणून बांधला. तो पहिल्या दिवशी असा भुंकला की प्रोकोपीसला भरून आलं. मग कुणी त्याला सॉसेज दिलं, कुणी बिअर पाजली. कुत्रा 'निळ्या बोकडा'त मुक्कामाला गेला, आणि तिथून प्रोकोपीस दिसला की तेवढा त्याच्यावर भुंकू लागला.

शेवटी प्रोकोपीसच्या थोरल्या बहिणीने, पोलिक्सेनीने, वरच्या गावातून फोनवर फर्मान काढलं.

"देव्हारा लाव. संताच्या तसबिरीसमोर कोण तसलं करायला धजेल? कितीही प्यालेला असला तरी त्याला आई असतेच की नाही?"

आईचा संबंध प्रोकोपीसला कळला नाही, पण पोलिक्सेनीच्या बोलण्यात आई यायचीच. तो हमरस्त्यावर गेला. तिथे एक माणूस जुन्या टायरांबरोबर तयार देव्हारेही विकायचा. पत्र्याचं एवढंसं देऊळ, वर क्रूस, पुढे काचेचं दार, आत तसबीर आणि तेलाचा दिवा ठेवायला फळी, आणि जमिनीत रोवायला लोखंडी पाय. देव्हारे भरपूर होते, पण संत संपत आले होते.

"हंगाम आहे ना," दुकानदार म्हणाला. "लोक गाड्या कशाही हाकतात. संत निकोलस कालच गेला. आता एक संत बार्बारा आहे, पण तिची काच तडकलीय. आणि हा फानूरिओस."

फानूरिओस हा हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. प्रोकोपीसचं तसं काही हरवलं नव्हतं. झोप हरवली होती, पण ती कुठे गेली आणि कुणी नेली हे त्याला ठाऊक होतं. तरी हातात मेणबत्ती घेऊन ताठ उभा राहिलेला तसबिरीतला तो तरणाबांड शिपाई त्याला पहारेकरी म्हणून बरा वाटला. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, त्याने फाटकाच्या खांबाला लागून रस्त्याच्या अंगाला देव्हारा रोवला, दिवा लावला, आणि कितीतरी दिवसांनी समाधानाने जेवला.

आता क्रीटमध्ये रस्त्याच्या कडेला देव्हारा उभा राहतो तो दोनच कारणांनी. तिथे कुणी मेलं म्हणून, नाहीतर मरता मरता वाचलं म्हणून. हे प्रोकोपीसला माहीत नव्हतं असं नाही. वळणावळणावरचे असले देव्हारे बघतच तो लहानाचा मोठा झाला होता, आणि प्रत्येकापाशी छातीवर क्रूसाची खूण करत आला होता. पण न झोपलेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, आणि त्याच्या डोक्यात तेव्हा खांब होता.

दुसऱ्या सकाळी पाववाल्याने जाता जाता ताजा देव्हारा पाहिला आणि वर जाऊन सांगितलं. दुपारपर्यंत एक फुलांचं चक्र आलं. त्यामागून टॅक्सीने पोलिक्सेनी आली, नखशिखांत काळ्या कपड्यांत, फाटकापासूनच टाहो फोडत.

"अरे माझ्या भावा! आईने मरताना तुला माझ्या हाती सोपवलं होतं रे!"

"ताई, मी इथे उभा आहे," प्रोकोपीस म्हणाला.

पोलिक्सेनीने त्याला वरून खाली निरखलं. रडं आवरायला तिला जरा वेळ लागला, कारण ते चांगलं लागलं होतं.

"मग हा देव्हारा कुणाचा?"

"तूच लाव म्हणालीस ना?"

"मी अंगणात म्हटलं होतं! आत! रस्त्यावर लावायला तुला कुणी सांगितलं? अख्खं गाव खाली यायला निघालंय. बायकांनी मयताचे गहू उकडत टाकलेत. आता मी त्यांना काय सांगू?"

"खरं काय ते सांगू."

"सांगा," स्वयंपाकघरातून एव्हान्थिया म्हणाली. "सांगा की संताला मुतारीच्या राखणीला बसवलंय. पाद्रीबाबा खूश होतील."

फाटकाबाहेर पापा-मिनास, गावचे पाद्री, आपल्या जुनाट मोटरसायकलवरून उतरत होते. काळा झगा, नाभीपर्यंत दाढी, आणि खोटं ओळखण्याचा साऱ्या गावात दरारा.

"प्रोकोपीस! जिवंत!" ते ओरडले. "देवाची कृपा. कसं झालं?"

"चार चाकांची बाईक आली," प्रोकोपीस म्हणाला. हे आपण का म्हणालो ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"कुठून?"

"तिकडून."

"आणि तू?"

"मी... इकडे."

"लागलं कुठे?"

प्रोकोपीसने हाताला आला तो गुडघा धरला. पापा-मिनासनी त्यावर आशीर्वादाचा हात ठेवला, देव्हाऱ्यासमोर यथासांग प्रार्थना म्हटली, आणि तेवढ्यात उकडलेले गहू घेऊन पोचलेल्या बायकांनी डोळे पुसले. गहू वाया कशाला घालवायचे म्हणून सगळ्यांनी तिथेच खाल्ले. ज्याच्या नावाने ते शिजले होते त्यानेही मूठभर खाल्ले. चांगले झाले होते.

त्या दिवसापासून प्रोकोपीस लंगडू लागला. लंगडणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. माणूस पाव घ्यायला निघतो डाव्या पायाने लंगडत आणि परत येतो उजव्या. "डावा," एव्हान्थिया खिडकीतून हळूच म्हणायची, आणि तो भर रस्त्यात पाय बदलायचा. खांबाचं म्हणाल, तर तो खरोखरच कोरडा राहिला. लोक दुसऱ्या खांबाशी जाऊ लागले. फाटकाला खांब दोन असतात, ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

मग मानूसोस आला. त्याचा बाप प्रोकोपीसचा बालमित्र, त्यामुळे तो काका म्हणायचा. पण त्या दिवशी त्या 'काका'त फारसा गोडवा नव्हता.

"काका, या गल्लीत त्या बाईका भाड्याने देतो मी एकटा. तुम्ही सांगत फिरताय बाईकने उडवलं. म्हणजे मीच उडवलं ना?"

"तुझी नव्हती रे ती."

"मग कुणाची होती?"

"दुसऱ्या कुणाची तरी. हिरवी होती."

"माझ्या सगळ्या हिरव्या आहेत!"

प्रोकोपीसला हे रोज दिसत होतं. रोज दिसत होतं म्हणूनच तोंडातून हिरवी निघाली. दोन दिवसांनी पोलीस चौकशीला आले. पळून गेलेला चालक कसा दिसत होता, उंच की बुटका, उघडा की कपड्यांत, असं विचारू लागले. खालच्या प्लाटानीत हे सगळंच खरं असू शकत होतं. शेवटी प्रोकोपीसने हात जोडले. "माझी तक्रार नाही. संताने वाचवलं, मी त्या पोराला क्षमा केली." पोलिसांना आनंद झाला, कारण कागद रंगवणं वाचलं. पण रविवारी पापा-मिनासनी चर्चमध्ये क्षमेवर प्रवचन दिलं आणि प्रोकोपीसला उभं राहायला लावलं. तो उभा राहिला, उजव्या पायावर भार देऊन, आणि अख्ख्या गावाने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. इतकी लाज त्याला पाटीशेजारच्या फोटोंनीसुद्धा वाटली नव्हती.

हे इथेच थांबलं असतं. पण एका सकाळी खांब धुताना एव्हान्थियाला गटारात एक फोन सापडला, आणि ठेवायला दुसरी जागा दिसली नाही म्हणून तिने तो देव्हाऱ्यात, दिव्याशेजारी ठेवला. थोड्या वेळाने रडून डोळे सुजलेली एक आयरिश मुलगी अनवाणी गल्ली धुंडाळत आली. काचेमागे आपला फोन आणि त्यामागे हसतमुख संत बघून तिने किंकाळी फोडली आणि एव्हान्थियाला बादलीसकट मिठी मारली. तिचं नाव ओर्ला. एव्हान्थियाला इंग्रजी येतं ते बाजारापुरतं. त्यात तिने ओर्लाला समजावलं की हा संत हरवलेलं शोधून देतो, आणि दिलं की त्याच्या नावाने केक करून सगळ्यांना वाटायचा असतो, त्याच्या आईच्या आत्म्यासाठी. आई इथेही आलीच.

संध्याकाळी ओर्ला दुकानातला चॉकलेटचा केक घेऊन हजर. मागे तिच्या दहाबारा मैत्रिणी, आणि प्रत्येकीचं काही ना काही हरवलेलं. कुणाचा पासपोर्ट, कुणाची चप्पल, एकीचं हॉटेल. म्हणजे हॉटेल जागेवर होतं, तिला ते सापडत नव्हतं. "हा केक चालणार नाही," एव्हान्थिया ठामपणे म्हणाली. "यात अंडं आहे, लोणी आहे. संताचा केक तेलातला असतो." आणि तिने पदर खोचावा तसा ॲप्रन आवळून पोरींना स्वयंपाकघरात नेलं, संत्री पिळायला लावली, अक्रोड फोडायला लावले. प्रोकोपीस अंगणात बसून आतलं हसणं ऐकत होता. त्याने मनातल्या मनात ही संध्याकाळ फुकट गेल्याची नोंद केली.

त्यानंतर गल्लीत ज्याला जे सापडेल ते तो देव्हाऱ्यात आणून ठेवू लागला. फोन, चाव्या, चष्मे, दातांची एक कवळी, आणि एकच एक अशा चपला तर इतक्या, की देव्हाऱ्याखाली टोपली ठेवावी लागली. ज्यांचं हरवलं ते शोधायला येत आणि सापडलं की केक मागत. पोलीससुद्धा आता लोकांना सरळ इकडे धाडू लागले. मग ही कीर्ती वर पोचली. खालच्या गल्लीला नाकं मुरडणाऱ्या वरच्या गावातल्या बायका उन्हं उतरली की केक घेऊन खाली यायला लागल्या. कुणाची अंगठी हरवलेली, कुणाची शेळी, कुणाच्या मुलीला स्थळ सापडत नव्हतं. एके दिवशी तर थेक्ला आली. थेक्ला म्हणजे एव्हान्थियाच्या थोरल्या भावाची बायको, जिने वाळूच्या भांडणानंतर या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या कानातलं एक डूल हरवलं होतं.

"संत सगळ्यांचा असतो," फाटकातच उभी राहून ती म्हणाली.

"बस, वहिनी. कॉफी टाकते," एव्हान्थिया म्हणाली.

थेक्ला बसली. डूल काही सापडलं नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी परत आली, आणि तिसऱ्याही. प्रोकोपीसला अंगणात टेकायला खुर्ची उरेना. आपल्याच घरात तो एका हातात चपलांची टोपली आणि दुसऱ्या हातात ट्रे घेऊन, कुठला पाय लंगडायचा ते आठवत उभा असे. परदेशी पाहुण्यांना तो देव्हाऱ्याचा सेवेकरी वाटे आणि ते त्याच्या खिशात नाणी टाकत. वीज कंपनीत त्याने उभ्या आयुष्यात कुणाकडून एक कॉफीसुद्धा घेतली नव्हती.

त्याने एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. नगरपालिकेत जाऊन स्वतःच स्वतःविरुद्ध तक्रार केली, की देव्हारा रस्त्याच्या हद्दीत आहे, तो हलवण्याचा हुकूम व्हावा. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. देव्हारा हलवायला बिशपच्या कचेरीचं संमतिपत्र लागतं म्हणाला. बिशपच्या कचेरीने सांगितलं, आधी जागा रस्त्याची आहे असं नगरपालिकेने लिहून द्यावं. नगरपालिका म्हणाली, मोजणी केल्याशिवाय कसं लिहून देणार? मोजणीला माणूस आला तो टेपच विसरून आला. टेप कचेरीत नाही, घरी नाही, म्हणजे हरवलाच, असं ठरवून त्याने फानूरिओससमोर मेणबत्ती लावली, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि गेला. तो पुन्हा आला नाही. बहुधा टेप सापडला असावा.

आणि ऑगस्ट सरत आला. सत्तावीस तारखेला संत फानूरिओसचा सण. पापा-मिनासनी जाहीर केलं, की यंदा आदल्या संध्याकाळची प्रार्थना प्रोकोपीसच्या फाटकापाशीच होईल, आणि प्रार्थनेनंतर रीतसर जत्रा. प्रोकोपीस म्हणाला, जागा फार लहान आहे. पापा-मिनास म्हणाले, मन मोठं आहे ना तुझं, झालं तर.

त्या संध्याकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस होतं. वरचं गाव इस्त्रीच्या कपड्यांत, खालचे पाहुणे पोहण्याच्या कपड्यांत, मध्ये पाच मोठे गोड पाव आशीर्वाद घेत टेबलावर, आणि पापा-मिनास धूप हलवत. प्रार्थना संपली तसा डोंगरातून बोलावलेला लीरावाला स्टुलावर बसला. लीरा म्हणजे इकडची सारंगी, तिचा आवाज तसा बारीक, पण मानूसोसने भक्तिभावाने 'निळ्या बोकडा'तले सगळे स्पीकर बाहेर आणून लावले होते. बोकडाच्या इतिहासात कधी झाला नव्हता एवढा आवाज त्या संध्याकाळी प्रोकोपीसच्या स्वतःच्या फाटकातून निघाला. गाव हातात हात घालून नाचायला लागलं. लालबुंद पोरं मध्ये घुसली आणि पोलिक्सेनी त्यांना पावलं शिकवू लागली. कुणीतरी प्रोकोपीसच्या तोंडात राकी दारूचा पेला ओतला आणि पाठीवर थाप मारली.

प्रोकोपीसच्या अंगातलं त्राण संपलं. रागवायलासुद्धा काही उरलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत तो अंगणात गेला. एव्हान्थिया मोठ्या टेबलाशी बसून केक कापत होती. एका बाजूला थेक्ला, दुसऱ्या बाजूला ओर्ला, भोवती बायकाच बायका.

"एव्हान्थिया, मी हरलो," तो म्हणाला.

"काय?"

"हरलो म्हणतो! ऑगस्ट संपल्यातच जमा. तुला एक संध्याकाळ काही मिळाली नाही. उद्या मानूसोसला किल्ली देऊ आणि रिनिओकडे जाऊ. जिन्यात जावई भेटला तर भेटू दे. मी बोलेन त्याच्याशी मायलेजवर."

"मानूसोस घेत नाही आता घर. सकाळीच सांगून गेला. संताच्या दारात फेसाचा हौद बांधला तर त्याची आई त्याला घरात घेणार नाही."

"मग दुसऱ्या कुणालातरी..."

"आणि मी जातेय कुठे?" एव्हान्थिया म्हणाली. "तू जा हवं तर. मला उद्या थेक्लाकडे जायचंय, अंजिरं वाळत घालायला."

प्रोकोपीसने गल्लीकडे हात केला. "पण हा गोंगाट?"

"गोंगाट काय आज आलाय? मी कधी गोंगाटाची तक्रार केली?"

त्याने आठवून पाहिलं. तिने खांबाची केली होती, वासाची केली होती. गोंगाटाची तक्रार रोज उठून करायचा तो स्वतः. आणि शेजारचं एकेक कुटुंब घर विकून वर जायचं तेव्हा फाटकात उभी राहून रडायची ती, हेही त्याला आठवलं. तेव्हा तो म्हणाला होता, बरं झालं, तेवढीच शांतता.

"संध्याकाळी दोन कप कॉफी करायची," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती केक कापत होती. "एक तुझा, एक माझा. आणि तू कानात कापसाचे बोळे घालून बसायचास. आताही आहेत बघ. बोलायचं कुणाशी मी? रिनिओकडे निदान जिन्यात कुणी भेटलं असतं."

या बाईसाठी म्हणून त्याने पाटी रंगवली होती, कुत्रा बांधला होता, पाद्र्यासमोर खोटं बोलून उन्हाळाभर लंगडला होता. या सगळ्यात तिला एकदाही विचारलं नव्हतं की बाई गं, तुला हवंय तरी काय. त्याला तिचं वाईट वाटलं, आणि स्वतःचंही थोडं वाटलं, कारण शांतता आता या जन्मी मिळत नव्हती, हे उघड होतं.

खुर्ची नव्हतीच. चपलांची टोपली उपडी करून तो तिच्याजवळ बसला आणि एकेक करून दोन्ही कानांतला कापूस काढला. लीरा एकदम अंगावर आली. थेक्लाचं हसणं, पोलिक्सेनीचं ओरडणं, सगळंच अंगावर आलं. तो कळवळला, पण उठला नाही. तिच्या तोंडाजवळ कान नेला.

"सांग," तो म्हणाला.

"आता काय सांगू?" एव्हान्थिया म्हणाली, आणि सांगायला लागली.